टाकळ्याचं बी कुणाला लावायचं, कुणाला नाही

पत्र: नमस्कार. आम्ही अक्कलकोट रोडला राहतो. यजमान टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. आठ महिने झाले, त्यांच्या जांघेत आणि कमरेला नायटा आहे. मेडिकलमधून ट्यूब आणली की चार दिवसांत जातो, लावायची थांबवली की दुप्पट येतो. आता माझ्याही हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढं गोल चकंदळ उठलंय. मी घरी विड्या वळते. पानं भिजवणं आणि धुणीभांडी यामुळे हातपाय सतत ओले असतात, पायांच्या बोटांत चिखल्या झाल्यात. तेरा वर्षांच्या मुलीच्या मानेवर आणि पाठीवर पांढरट ठिपके आलेत. सासूबाई म्हणतात, टाकळ्याचं बी आंबट ताकात वाटून लावा. त्यांनी दिवाळीच्या सुमारास डबाभर बी गोळा करून ठेवलंय. एक शेजारीण लसूण चोळ म्हणते, दुसरी बिब्बा, आणि मोबाईलवर कुणीतरी लिंबू लावायला सांगतं. यातलं खरं काय? कुणी, किती आणि किती दिवस लावायचं?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर: ताई, सासूबाई चुकीचं सांगत नाहीत. टाकळ्याला संस्कृतात ‘दद्रुघ्न’ म्हणतात. दद्रु म्हणजे नायटा, आणि दद्रुघ्न म्हणजे त्याला मारणारा. पण तुमच्या घरात एकच आजार तिघांना झालेला नाही. यजमानांचा नायटा आणि तुमच्या हातावरचं चकंदळ बहुधा एकाच बुरशीचं आहे, चिखल्यांचं प्रकरण निराळं आणि मुलीच्या ठिपक्यांचं त्याहून निराळं. डब्यातलं बी यातल्या एकाच जागी लावण्यासारखं आहे, ती म्हणजे तुमचा हात. यजमानांच्या जांघेत ते अजिबात लावू नका. आधी त्यांचंच बोलू, कारण घरातल्या नायट्याचं मूळ तिथे आहे. ते तसंच राहिलं तर तुमचा हात बरा होऊन पुन्हा उठेल.

मेडिकलमधून आणलेली ती ट्यूब घ्या आणि तिच्यावरची बारीक अक्षरं मुलीकडून वाचून घ्या. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ती स्टेरॉइडची ट्यूब आहे. तुम्ही लिहिलेलं लक्षण, म्हणजे चार दिवसांत जाणं आणि थांबवलं की दुप्पट येणं, नेमकं याच ट्यूबचं असतं. नायट्याची लाली आणि खाज ही बुरशीविरुद्ध आपल्या कातडीची चाललेली झुंज असते. स्टेरॉइड ती झुंजच थांबवतं. त्यामुळे आराम वाटतो, पण बुरशी मात्र निर्धास्त पसरत राहते. नायट्याची गोल, उठावदार कडाही पुसट होते, इतकी की पुढे डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. महिनोन्महिने लावलं तर जांघेतली कातडी पातळ पडते आणि तिच्यावर वळांसारख्या पट्ट्या उमटतात. त्या पट्ट्या पुन्हा जात नाहीत. हा प्रकार देशभर इतका वाढला की केंद्र सरकारने २०१८ मध्ये लावायची १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. तरी ती सर्रास मिळतात, हे तुमच्या पत्रावरूनच दिसतं.

आठ महिन्यांची ट्यूब बंद केली की पहिले एक-दोन आठवडे लाली आणि खाज उलट वाढते. माणूस नेमका इथेच खचतो आणि पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. त्याच सुमारास टाकळ्याचा लेप लावला तर पातळ झालेल्या कातडीची आग आग होते आणि दोष टाकळ्यावर जातो. म्हणून यजमानांना सिव्हिलच्या किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. ट्यूब सोबत घ्या, तिची रिकामी खोकी असतील तर तीही घ्या. तिथे चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. थोड्याच वेळात बुरशीचे धागे दिसतात. तपासणीच्या आधी आठवडाभर बुरशीचं कुठलंही मलम लावलेलं नसेल तर निदान जास्त खात्रीचं होतं.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत नायट्याची एक चिवट जात पसरली आहे. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं गेलं. टर्बिनाफिन हे नायट्यावरचं नेहमीचं औषध तिच्यातल्या पुष्कळ बुरशीवर चालत नाही. म्हणून पोटातून घ्यायच्या गोळ्या कोणत्या आणि किती आठवडे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. गोळ्यांच्या दोन पट्ट्या मेडिकलमधून आणून खाल्ल्याने काही साधत नाही. शिवाय त्याच वेळी रक्तातली साखर तपासून घ्या. वारंवार उलटणारा नायटा ही कधी कधी मधुमेहाची पहिली खूण असते.

आता कपड्यांचं, कारण याकडे कुणी बघत नाही. यजमान कमरेला करदोडा बांधतात का? बांधत असतील तर आजच सोडा. घामाने भिजलेला, महिनोन्महिने न वाळलेला तो काळा दोरा म्हणजे नायट्याचं घर. कमरेभोवती पट्ट्यासारखा उठलेला नायटा बऱ्याचदा करदोड्याच्याच रेघेवर असतो. श्रद्धेपोटी हवाच असेल तर पूर्ण बरं झाल्यावर नवा बांधा. गळ्यातल्या आणि दंडावरच्या दोऱ्यालाही हेच लागू. मागावर काम करणाऱ्यांचं दुसरं दुखणं म्हणजे शेडमधली गरमी. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली असते आणि बारा बारा तास घट्ट पँट अंगावर. कामावर सैल सुती चड्डी आणि सैल पायजमा घालू द्या. आल्याबरोबर अंघोळ, आणि जांघ कोरडी होईपर्यंत पंच्यानेच पुसणं. पंचा मुद्दाम म्हणतोय. आपला सोलापुरी जाड टॉवेल पाणी छान टिपतो, पण स्वतः लवकर वाळत नाही. नायटा असलेल्या माणसासाठी पातळ पंचा बरा, तो तासाभरात कडक वाळतो. जांघेसाठी वेगळा, अंगासाठी वेगळा, आणि दुसऱ्या कुणीही त्यांना हात लावायचा नाही. नळाला पाणी रोज येत नसेल, म्हणून कमी पाण्यात काय करायचं ते सांगतो. आतले कपडे आणि पंचे घरच्या धुण्यात एकत्र भिजवू नका. वेगळ्या बादलीत, कडक गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास ठेवा. मग पिळून, उलटे करून उन्हात टाका. पावसाळ्यात ऊन नसेल तर शिवणीवरून आणि कमरेच्या पट्टीवरून गरम इस्त्री फिरवा. बुरशीचे कण लपतात ते शिवणीतच.

आता टाकळा. आधी डब्यातलं बी खरंच टाकळ्याचंच आहे ना, हे बघा. सोलापूरच्या माळावर तरवड उदंड आणि त्याचीही फुलं पिवळी, त्यामुळे गफलत होते. तरवड हे वर्षानुवर्षं टिकणारं झुडूप आहे. त्याच्या पानाला पर्णिकांच्या आठ-दहा जोड्या असतात आणि शेंग चपटी, कागदासारखी. टाकळा पावसात उगवतो आणि दिवाळीनंतर वाळून जातो. पर्णिकांच्या तीनच जोड्या, पान चुरगळलं की उग्र वास, आणि शेंग बारीक, लांब, वाकडी, जवळजवळ वीतभर. तिसरा भाऊ कासुंदा. त्याच्या पर्णिका टोकदार, चार-पाच जोड्या, आणि बी चपटं, गोलसर. टाकळ्याचं बी मेथीच्या दाण्यासारखं दिसतं. दोन्ही टोकांना तिरपं कापल्यासारखं, तपकिरी, तुकतुकीत आणि दगडासारखं टणक. काष्ठौषधीच्या दुकानातून आणायचं झालं तरी हीच खूण लक्षात ठेवा, कारण मिसळ होते.

टाकळ्याच्या बियांत आणि पानांत क्रायसोफॅनॉल नावाचं द्रव्य आहे. पूर्वी त्याला क्रायसोफॅनिक आम्ल म्हणत. नायट्याच्या बुरशीची वाढ ते रोखतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. त्याच घराण्यातलं क्रायसारोबिन हे द्रव्य असलेली ब्राझीलच्या एका झाडाची पूड जुन्या काळी पोर्तुगीजांमार्फत गोव्यात यायची. ती ‘गोवा पावडर’ या नावाने नायट्यावर विकली जायची आणि कातडीची भयंकर आग करायची. टाकळा तिच्या मानाने पुष्कळ सौम्य, पण जात तीच, हे विसरू नका. आणखी एक गोष्ट. हे द्रव्य साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून पाला पाण्यात उकळून त्या पाण्याने धुतल्याचा उपयोग होत नाही. ते आंबट ताकात मुरवा किंवा तेलात शिजवा. आंबट ताकाचा आणखी एक फायदा असा की त्यातलं आम्ल चट्ट्यावरचा कोंडा मऊ करतं.

रुपयाएवढ्या चट्ट्याला अर्धा चहाचा चमचा बी पुरतं. खलबत्त्यात आधी भरड कुटा. अख्खं बी ताकात टाकलं तर रात्रभर तसंच राहतं, त्याचं साल पाणी आत घेत नाही. भरड काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीत घाला. तांब्या-पितळेची वाटी नको, ताकाने कळकते. वर दोन चमचे आदल्या दिवशीचं आंबट ताक घाला. मीठ, मिरची, फोडणी काहीही नसलेलं. आठ-दहा तास झाकून ठेवा आणि मग पाट्यावर वाटा. एवढंसं मिक्सरमध्ये वाटलं जात नाही, कण राहतात आणि ते कातडीला ओरखडे काढतात. बोटांत धरल्यावर खरखर लागेनाशी होईपर्यंत वाटायचं. हा लेप त्याच दिवशीचा. आपल्या उन्हाळ्यात उरलेला दुसऱ्या दिवशी फसफसतो, त्याच्यावर दुसरीच बुरशी येते. फेकून द्या.

पहिल्या दिवशी चट्ट्यावर लावूच नका. दंडाच्या आतल्या बाजूला, चांगल्या कातडीवर, चार आण्याएवढा ठिपका लावा, वीस मिनिटांनी धुवा आणि ४८ तास बघा. पुरळ, फोड किंवा जळजळ झाली तर टाकळा तुमच्यासाठी नाही, एवढ्यावर विषय संपला. काही झालं नाही तर पुढचं असं. विड्या वळून झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा, तंबाखूचा कण राहू देऊ नका. चट्टा धुऊन कोरडा करा. बॉलपेनने त्याच्या कडेवरून रेघ मारून ठेवा. लेप चट्ट्यावर आणि कडेच्या बाहेर बोटभर रुंद लावा, कारण बुरशी आत नसते, वाढत्या कडेवर आणि तिच्या थोडी पुढे असते. मधला भाग बरा झाल्यासारखा दिसतो म्हणून लोक मधेच लावतात आणि कड बाहेर सरकत राहते. पहिले दोन दिवस दहा मिनिटं, नंतर वीस ते तीस मिनिटं, दिवसातून एकदा. वर पट्टी बांधू नका. दबलेला लेप भाजतो. नुसत्या पाण्याने धुवा आणि टिपून कोरडं करा. कातडीवर पिवळट डाग राहतो. त्याला साबण लागला तर तो तांबूस दिसू शकतो. ते रक्त नव्हे, घाबरू नका. लेप कपड्याला मात्र लागू देऊ नका, निघत नाही.

लावण्याआधी चट्टा खरवडून लाल करायचा, शेणीने घासायचा, अशी एक जुनी रीत गावाकडे आहे. ती कृपा करून पाळू नका. सोललेल्या कातडीत लेप आग करतो, आणि शेणातून धनुर्वाताचे जंतू जखमेत जातात.

सात दिवसांनी पेनाची रेघ बघा, पुन्हा चौदाव्या दिवशी बघा. कड बसली, कोंडा कमी झाला आणि चट्टा रेघेच्या आतच राहिला तर लेप चालू ठेवा. डाग दिसेनासा झाल्यावरही पुढे दोन आठवडे लावायचा. कातडीचा वरचा थर पूर्ण बदलायला साधारण चार आठवडे लागतात आणि बुरशी त्याच थरात रुतलेली असते. खाज थांबली म्हणून दहाव्या दिवशी सोडलेला नायटा महिन्याभरात त्याच जागी उठतो. हे टाकळ्याचं तसं मलमाचंही. चौदा दिवसांत कड रेघेबाहेर गेली किंवा दुसरीकडे नवीन चकंदळ आलं, तर लेप थांबवा आणि यजमानांबरोबर तुम्हीही दाखवा. तुम्हाला चौदाच दिवस देतोय, कारण तुमचा नायटा त्यांच्याकडूनच आलेला असणार, म्हणजे तीच चिवट जात असू शकते.

एक सरळ सांगायला हवं. टाकळ्यावर माणसांमध्ये नीट केलेल्या चाचण्या फार थोड्या आहेत. क्लोट्रिमाझोल एक टक्का, ज्यात दुसरं काहीही मिसळलेलं नाही, असं साधं मलम दिवसातून दोनदा चार आठवडे लावलं तर ते टाकळ्यापेक्षा भरवशाचं आहे आणि महागही नाही. बी घरात आहे, चट्टा एकच, लहान आणि ताजा आहे, त्यावर कधी स्टेरॉइड लागलेलं नाही, म्हणूनच टाकळा करून बघायला हरकत नाही असं म्हणतोय. दोन्ही एकदम लावू नका. आग झाली तर कशाने झाली ते कळत नाही.

डबाभर बी आहे, तर त्याचं तेल काढून ठेवता येतं. हात, पाठ, पोटरी अशा कोरड्या जागेवरच्या लहान चट्ट्याला ते लेपापेक्षा सोयीचं. वैद्यांचं जुनं प्रमाण एक भाग कल्क (म्हणजे वाटलेला ओला गोळा), चार भाग तेल, सोळा भाग पाणी. घरच्यासाठी २५ ग्रॅम बी भरड कुटून, भिजवून, वाटून घ्या. १०० मिली खोबरेल आणि ४०० मिली पाणी. पातेलं स्टीलचं आणि मोठं घ्या, निम्मं रिकामं राहिलं पाहिजे, कारण फेस येतो. अगदी मंद आचेवर ठेवा आणि तळाला लागू नये म्हणून ढवळत राहा. पाणी आटेपर्यंत दोन-अडीच तास सहज जातात. गडबड करून आच वाढवली की कल्क करपतो आणि तेल जळकं होतं. झालं की नाही ते ओळखायचं असं: चमच्यावर थोडा कल्क घेऊन बोटांत वळला की त्याची वात व्हावी, आणि ती वात विस्तवावर धरली की तडतड होऊ नये. तडतडली म्हणजे पाणी शिल्लक आहे, आणि पाणी राहिलेलं तेल पंधरा दिवसांत खवट होतं, बुरशीही धरतं. कोमट असताना फडक्यातून गाळून, पूर्ण कोरड्या तपकिरी बाटलीत भरा. तीन महिने वापरा, नंतर टाकून द्या. आधी दंडावर तपासणी करायची ती याचीही. जांघेत, काखेत, छातीखाली, म्हणजे जिथे कातडीला कातडी लागते आणि घाम साचतो, तिथे हे तेल नको. तेलाने तिथला ओलावा कोंडला जातो.

टाकळ्याचा मोठा भाऊ दादमर्दन. मेणबत्तीसारखे उभे पिवळे तुरे येणारं झुडूप, काही बागांत शोभेला लावतात. त्याच्या पानांतही हेच द्रव्य असतं. फिलिपिन्समध्ये तिथल्या आरोग्य खात्याने शिफारस केलेल्या दहा औषधी वनस्पतींत ते आहे, आणि नायट्यासाठीच. आपल्याकडची गजकर्णी, पांढऱ्या, पक्ष्यासारख्या फुलांची, तीही खरी गुणाची. तिच्या मुळांत आणि पानांत रायनाकँथिन नावाची बुरशीनाशक द्रव्यं आहेत. या दोन्हींची ताजी पानं मिळाली तर वाटून तशीच लावता येतात. तपासणी, वेळ आणि दिवस टाकळ्यासारखेच. गजकर्णीत लिंबू पिळायची रीत आहे, ती सोडा.

लिंबाचं कारण हे. लिंबाच्या रसात, सालीत तर जास्तच, अशी द्रव्यं असतात की रस कातडीवर असताना ऊन लागलं तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग महिनोन्महिने राहतात. सोलापूरच्या उन्हात तर हे हमखास. लसणाचं म्हणाल तर त्यात बुरशीनाशक द्रव्य खरोखर आहे. त्यातल्या अजोइनचं मलम करून पायांच्या बुरशीवर परिणाम तपासलेलाही आहे. पण ते शुद्ध द्रव्य मोजून घातलेलं मलम होतं. ठेचलेली कच्ची पाकळी कातडीवर बांधली तर तासाभरात भाजते, जांघेत तर सालपट निघतं. आणि बिब्बा घरात कुणालाही लावू देऊ नका. बिब्ब्याच्या तेलाने फोड उठतात, चिघळतात, पुरळ अंगभर पसरतो. चित्रकमूळ आणि रुईचा चीक त्याच पंगतीतले. फोड येऊन वरची कातडी निघून गेली की ‘नायटा उपटून निघाला’ असं वाटतं. प्रत्यक्षात निघते ती कातडी, आणि उघड्या जखमेत पू होतो.

हळदीचं नाव तुम्ही काढलं नाहीत, पण कुणीतरी काढेलच. तिने नायटा जात नाही. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, म्हणजे दोन मुठी पाला दोन लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळून गार केलेलं, अंघोळीत शेवटचं घ्यायला चांगलं. खाज थोडी कमी होते, घाम निघतो. औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

चिखल्यांसाठी डाळिंबाची साल वापरा. सोलापूर जिल्ह्यात ती फुकट मिळण्यासारखी आहे. सालीतला तुरटपणा फुगलेली, पांढरी पडलेली कातडी आवळून कोरडी करतो, आणि त्यातलं प्युनिकॅलाजिन नायट्याच्या बुरशीवर काम करतं असं प्रयोगशाळेत आढळलं आहे. सावलीत वाळवलेली साल ५० ग्रॅम, दीड लिटर पाणी, स्टीलच्या पातेल्यात एक लिटर उरेपर्यंत उकळा. लोखंडी कढईत शाईसारखं काळं होतं. गाळून, कोमट झाल्यावर रात्री दहा मिनिटं पाय बुडवून बसा. नंतर बोटांच्या बेचक्या एक एक करून पुसा आणि प्रत्येक बेचकीत जुन्या धुतलेल्या सुती साडीची बोटभर पट्टी ठेवून झोपा. पट्ट्या सकाळी धुण्यात. हे पंधरा दिवस करा. पाणी एकदाच वापरायचं. पायांना थोडा तपकिरी रंग चढतो, तो जातो. यासोबत सकाळी क्लोट्रिमाझोल लावलं तर चिखल्या लवकर जातात, इथे दोन्ही एकदम चालतील. कातडी चिरली असेल तर साल झोंबते. मग नुसतं मलम आणि पट्ट्या. मोरीत रबरी चप्पल घालूनच उभ्या राहा. विड्यांची पानं भिजवून झाल्यावर हातांच्या बेचक्याही पुसत जा, तिथेही ओलाव्याने अशीच बुरशी धरते. मेंदीचा लेप तळव्यांना लावायची पद्धत आहे, तोही बरा, पण नुसत्या पानांच्या पुडीचा. झटपट काळा रंग देणारी मेंदी नको, तिच्यातल्या रसायनाने फोड येतात. पाय सुजला, लाल झाला किंवा ताप आला तर घरचं सगळं बंद करून त्याच दिवशी दवाखाना.

मुलीचे ठिपके म्हणजे बहुधा शिबं. नखाने हलकं खरवडून बघा. कोंड्यासारखी बारीक पूड निघाली तर तेच. ही बुरशी बाहेरून लागत नाही, सगळ्यांच्याच कातडीवर असते आणि घाम-तेल मिळालं की माजते. ती जगते तेलावर. म्हणून शिब्यांना टाकळ्याचं काय, कुठलंच तेल लावायचं नाही, नुसतं खोबरेलही नको. डोक्याला चपचपीत तेल लावून वेणी घातली की ते मानेवर उतरतं. तेल कमी करा आणि तिला शाळेच्या कॉलरखाली मान पुसायला सांगा. औषध म्हणून दोन टक्क्यांचा कीटोकोनाझोल शॅम्पू मानेपासून कमरेपर्यंत फेस करून लावा, पाच मिनिटं ठेवून धुवा, असे सलग पाच दिवस. बुरशी जाते, पांढरेपणा लगेच जात नाही. रंग भरायला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्या काळात कुणी कोड म्हणून बावची लावायला सांगेल. बावची लावून उन्हात गेलेल्या मुलांना फोड येतात, तिला हात लावू नका. शिबं दुसऱ्याला लागत नाहीत, तिचं ताट-अंथरूण वेगळं करू नका. मात्र एक तपासणी आजच करा. तिचे डोळे मिटवून ठिपक्यावर कापसाचं टोक फिरवा आणि कळलं का ते विचारा. एखाद्या ठिपक्यावर स्पर्श कळत नसेल तर शॅम्पू वगैरे काही न लावता सरकारी दवाखान्यात दाखवा. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधं मोफत असतात आणि तो पूर्ण बरा होतो.

सासूबाईंना सांगा, बी टाकू नका. झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवा, टोके लागले नाहीत तर पुढच्या दिवाळीपर्यंत चालेल. आणि ती ट्यूब कचऱ्यात टाकण्याआधी यजमानांच्या केसपेपरबरोबर पिशवीत ठेवा, डॉक्टरांना ती बघायची असते.